आयन इंजिनाचा झोत मोजायचाय? पहिल्या प्रोबपासून सुरुवात करू

आयन इंजिन वायूचे आयन विजेनं मागं फेकून अवकाशयानाला रेटा देतं. दरवर्षी नवी मुलं प्रयोगशाळेत येतात, चेंबरच्या खिडकीतून जांभळट-निळा झोत बघतात आणि पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, "सर, याचं तापमान किती?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. झोतातल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान वीस-पंचवीस हजार केल्विन. आयन सगळे एकाच दिशेनं सेकंदाला ४९ किलोमीटर वेगानं धावतात, पण एकमेकांच्या तुलनेत बघितलं तर जवळजवळ शांत असतात. त्यांच्यामध्ये रेंगाळणारे आर्गॉनचे अणू तर आपल्या खोलीतल्या हवेइतकेच गार. तिघं एकाच जागेत राहतात आणि तिघांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

ज्यांनी विद्युतशास्त्राचा पदवीपर्यंतचा अभ्यास केलाय, पण प्लाझ्मात, म्हणजे आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन असलेल्या वायूत, कधी तार घातलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोल्हापुरात बसून हे काम होतं का? होतं. काय लागतं, कुठं मिळतं आणि कुठं हात पोळतात, ते सगळं सांगतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. प्रोब म्हणजे धातूचा एक तुकडा. तो फक्त करंट सांगतो. घनता, तापमान, ऊर्जा हे सगळं त्या करंटवरून आपण काढतो आणि काढताना काहीतरी गृहीत धरतो. म्हणून एकाच प्रोबच्या आकड्यावर मी कधीच सही करत नाही. वेगळ्या तत्त्वावर चालणारा दुसरा प्रोब तेच सांगायला लागला, की मग तो आकडा वहीत पक्का होतो.

झोत कुठला घ्यायचा

अवकाशयानावरचं इंजिन आपल्याला मिळणार नाही, पण त्याचा सख्खा भाऊ मिळतो. १९६० च्या सुमारास नासाच्या लुईस केंद्रात हॅरोल्ड कॉफमन यांनी इलेक्ट्रॉनांचा मारा करून वायूचं आयनीभवन करणारं इंजिन तयार केलं. या जातीचं इंजिन १९६४ मध्ये सर्ट-१ या चाचणीत अवकाशात चाललं. पुढं त्याच रचनेचे छोटे आयन सोर्स थिन फिल्मच्या, म्हणजे वस्तूवर पातळ थर चढवण्याच्या, कामात आले. आपल्याकडे थिन फिल्मवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा पुष्कळ आहेत, आणि तिथं ३ सेंटिमीटर जाळीचा कॉफमन सोर्स असेल, तर तुमचं निम्मं काम झालं. आत फिलामेंट, भोवती अॅनोड, पुढं एकापाठोपाठ एक दोन जाळ्या. मागच्या जाळीशी आयन जमतात, पुढच्या उणे जाळीकडे खेचले जाऊन बाहेर पडतात. १९९८ च्या डीप स्पेस १ वरचं आणि पुढं डॉन यानावरचं इंजिन याच घराण्यातलं. त्याची जाळी ३० सेंटिमीटरची आणि पूर्ण ताकदीला रेटा ९२ मिलिन्यूटन. म्हणजे ए-फोरचे दोन कागद तळहातावर ठेवल्यावर जेवढं वजन जाणवतं, तेवढा. आपल्याकडे इस्रोनं २०१० साली जीसॅट-४ वर विद्युत थ्रस्टर बसवले होते, पण तो उपग्रह कक्षेत पोहोचला नाही. २०१७ च्या जीसॅट-९ वर मात्र झेनॉनची विद्युत प्रणाली गेली.

झेनॉनच्या मागं लागू नका. हवेच्या दहा कोटी भागांत झेनॉन जेमतेम नऊ भाग असतो, आणि किंमतही तशीच. आर्गॉन मात्र टिग वेल्डिंगमुळं उद्यमनगरात, कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सहज मिळतो. आर्गॉनचा अणू झेनॉनच्या तिपटीहून हलका, त्यामुळं ३०० व्होल्टनं ढकललेला आर्गॉन आणि १००० व्होल्टनं ढकललेला झेनॉन साधारण सारख्याच वेगानं, सेकंदाला ३८ किलोमीटरनं, पळतात. मोजायची पद्धत दोघांना एकच.

पुढची सगळी उदाहरणं मी या मांडणीवर देतो: १८ इंची स्टीलचा चेंबर, आर्गॉन, ५०० व्होल्ट, २० मिलिअँपिअरचा झोत आणि जाळीपासून २० सेंटिमीटरवर प्रोब.

निर्वात आणि कोल्हापूरचा पाऊस

पहिल्या दिवशी नवा माणूस गेज बघून घाबरतो. चेंबर उघडाच असतो आणि गेज ९५० मिलिबार दाखवतं. गेज ठीक आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथं हवेचा दाब तेवढाच असतो.

जुलैमध्ये चेंबर शक्यतो उघडूच नका. पंचगंगा पात्राबाहेर आलेली असते त्या दिवसांत हवेतली ओल चेंबरच्या भिंतींना चिकटते, आणि एरवी तासाभरात येणारं निर्वात दुपार झाली तरी येत नाही. उघडावाच लागला, तर कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून उघडा, दहा मिनिटांत काम आटपा आणि बंद करा. पावसाळ्यापूर्वीच सगळे प्रोब बसवून घेतलेले बरे.

डिफ्युजन पंप असेल तर वीज जाण्याची तयारी आधीच ठेवा. दिवे गेले की सर्वांत आधी हात पंप आणि चेंबर यांच्यामधल्या हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्हकडे गेला पाहिजे. माझ्याकडून एकदा तो व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला नाही. पंपातल्या तेलाची वाफ उलटी चेंबरमध्ये आली आणि प्रोबवर डोळ्याला न दिसणारा थर बसला. पुढचा आठवडाभर व्होल्टेज-करंटचे आलेख विचित्र येत होते. व्होल्टेज वर नेताना एक रेघ, खाली आणताना दुसरी. मी इलेक्ट्रॉनिक्सला दोष देत बसलो. तो थरच प्रभार साठवत होता. आता पहिला आलेख काढताना मी नेहमी वर आणि खाली दोन्हीकडे जातो. दोन रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत, तर प्रोब मळलाय असं समजायचं. त्याला काही सेकंद बऱ्यापैकी धन व्होल्टेज द्या. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं तार लालसर तापते आणि मळ जळून जातो. जास्त वेळ ठेवलं तर तारही जाईल, तेव्हा खिडकीतून नजर हलवू नका.

सोर्स चालू असताना आर्गॉन आत येत राहतो आणि दाब ०.०००२ मिलिबारच्या आसपास थांबतो. हा आकडा वहीत लिहायला कधीही विसरू नका. या दाबाला वाटेत भेटणारे थंड अणू वेगवान आयनांना आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. वेगवान आयन तटस्थ होऊन पुढं निघून जातो, आणि मागं एक आळशी आयन राहतो. याला प्रभाराची अदलाबदल म्हणतात. वरच्या दाबाला २० सेंटिमीटरच्या वाटेत साधारण पाचातला एक आयन असा बदलतो. खऱ्या अवकाशात चेंबरसारखा उरलेला वायू नसतो. तिथं हे आळशी आयन फक्त इंजिनातून आयन न होता निसटलेल्या वायूमुळं तयार होतात, पण होतात. तेच वळून सौरपंखांकडे आणि यानाच्या अंगाकडे जातात, म्हणून तर हा सगळा मोजमापाचा खटाटोप. डीप स्पेस १ वर इंजिनाभोवतीचा प्लाझ्मा मोजायला खास उपकरणं बसवली होती ती याचसाठी.

जमीन आणि न्यूट्रलायझर

प्रोबला व्होल्टेज द्यायचं म्हणजे कशाच्या तुलनेत? चेंबरच्या भिंतीच्या. भिंत स्टीलची आणि अर्थ केलेली असेल तर प्रश्न नाही. पण तुमच्याकडे काचेचा बेल जार असेल, तर आतून स्टीलच्या पत्र्याचा गोल लावा आणि तो तळाच्या प्लेटला घट्ट जोडा. हे न करता काढलेला आलेख दिसायला सुंदर येतो, पण प्लाझ्माच प्रोबच्या मागंमागं सरकत असतो. त्यातून निघालेलं तापमान खोटं असतं.

दुसरं, झोतात नुसते आयन सोडले तर ते एकमेकांना ढकलतात आणि झोत फुटतो. म्हणून बाहेर एक टंगस्टनचं फिलामेंट तापवून इलेक्ट्रॉन सोडायचे, हाच न्यूट्रलायझर. त्याचं उत्सर्जन झोताच्या करंटइतकं, किंवा चिमूटभर जास्त ठेवा. बरोबर झालंय का, हे बघायची सोपी खूण आहे. प्रोब कशालाही न जोडता त्याचं व्होल्टेज उच्च रोधाच्या मीटरवर वाचा. ते काही व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. पन्नास-शंभरावर उडी मारत असेल तर फिलामेंट कमी तापलंय. खऱ्या इंजिनात हेच काम पोकळ कॅथोड करतो.

जोडणीला हात लावायच्या आधी सप्लाय बंद करा आणि अर्थच्या काठीनं प्रत्येक टोकाला शिवा. ५०० व्होल्टचा सप्लाय बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव असतो. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, घाई असली तरी.

पहिला प्रोब: फॅरेडे

सुरुवात यानंच करा, कारण यात समजायला सर्वांत कमी आणि शिकायला भरपूर आहे. १० मिलिमीटर व्यासाची चकती, तिच्याभोवती अर्ध्या मिलिमीटरची फट सोडून एक कडं. दोघांना उणे २७ व्होल्ट. इलेक्ट्रॉन परत फिरतात, आयन येऊन आदळतात, चकतीचा करंट मोजायचा. कड्याचा करंट मोजायचा नाही. ते फक्त चकतीच्या कडेला वाकणारं विद्युतक्षेत्र स्वतःवर घेतं, म्हणजे चकतीपुढचं क्षेत्र सपाट राहतं.

उणे २७ का? नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकाला एक जोडल्या की तेवढे होतात. बॅटरीला जमिनीचा संबंध नसतो आणि मेन्सची गुणगुण येत नाही. करंट मोजायला १ किलोओमचा रोध पुरतो.

ही चकती आणि कडं उद्यमनगरात किंवा शिरोलीत कुठल्याही चांगल्या टर्नरकडून करून घेता येतं. त्याला "प्लाझ्मा" सांगू नका, ड्रॉइंग द्या आणि एवढंच सांगा: फट सगळीकडे पॉइंट पाच पाहिजे, दोन्ही तोंडं एका पातळीत पाहिजेत. आमच्या कारागिरानं जॉब हातात घेतला, डायल लावून फिरवला आणि विचारलं, "हे मधलं कड्याला टेकलं तर काय होतंय?" मी म्हटलं, सगळं मोजमाप वाया. त्यानं मग अभ्रकाचा पत्रा कापून मधे धरला, तसंच स्क्रू आवळले आणि शेवटी पत्रा ओढून काढला. फट एका केसाइतकीही हलली नव्हती. ती युक्ती मी आजही वापरतो.

धातू शक्यतो मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन, सुरुवातीला स्टेनलेस चालेल. पितळ नको. पितळात जस्त असतं, आणि तापल्यावर निर्वातात जस्ताची वाफ होऊन सगळ्या चेंबरला लागते. गॅल्व्हनाइज्ड बोल्टही त्याच कारणानं बाद.

प्रोब फिरवायला हात हवा. कोटिंग युनिटला शटर फिरवायचा दांडा आधीच असतो. तो बाहेरून फिरतो आणि हवा आत येऊ देत नाही. त्यालाच २० सेंटिमीटरचा हात बसवा, मात्र फिरण्याचा अक्ष सोर्सच्या जाळीच्या मध्यातून गेला पाहिजे. उणे ९० ते अधिक ९० अंशांपर्यंत दर ३ अंशांनी एक वाचन घ्या.

आमच्या उदाहरणात मधोमध पाव मिलिअँपिअरच्या आसपास करंट येतो. चकतीचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे घनता चौरस सेंटिमीटरला ०.३१ मिलिअँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता सगळ्या कोनांची बेरीज करायची. प्रत्येक कोनावरच्या घनतेला त्या कोनाच्या साइननं गुणायचं, कारण बाहेरच्या कोनांवर गोलाचा पट्टा मोठा असतो. मग ० ते ९० अंशांपर्यंत संकलन करून २π आणि अंतराचा वर्ग यांनी गुणायचं. उत्तर सोर्सच्या सप्लायवर दिसणाऱ्या झोताच्या करंटइतकं यायला हवं. पहिल्यांदा कधीच येत नाही, बहुतेक जास्त येतं. सप्लाय २० मिलिअँपिअर दाखवतो आणि तुमची बेरीज २३-२४ म्हणते. याची दोन मुख्य कारणं. आयन आदळल्यावर चकतीतून इलेक्ट्रॉन उडतो, आणि बाहेर गेलेला इलेक्ट्रॉन मीटरला आत आलेल्या आयनासारखाच दिसतो. दुसरं, मघाचे आळशी आयन उणे चकतीकडे बाजूनं ओढले जातात, त्यामुळं ६० अंशांपुढची शेपटी उचललेली दिसते. वायूचा प्रवाह कमी-जास्त करून दोन-तीन दाबांना तेच वाचन घ्या. शेपटी दाबाबरोबर उंचावत असेल, तर ती तुमच्या चेंबरची आहे, इंजिनाची नव्हे. बेरीज २० वर आणण्यासाठी आकडे कापणं मात्र चुकीचं. जेवढी आली तेवढी लिहा आणि बाजूला दाब लिहा.

दुसरा साक्षीदार: लँगम्युर प्रोब

अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत रुजवली. 'प्लाझ्मा' हा शब्दही या अर्थानं त्यांनीच १९२८ मध्ये वापरात आणला. प्रोब म्हणजे नुसती तार, पण सगळ्यात जास्त चुका याच तारेत होतात, म्हणून इथं जरा थांबू.

तार ०.२५ मिलिमीटर व्यासाची टंगस्टनची, उघडी ५ मिलिमीटर. टिग वेल्डिंगची कांडी नुसत्या सरावाला चालेल, पण ती जाड असते. घेतलीच तर हिरव्या टोकाची घ्या, ती शुद्ध टंगस्टन असते. लाल टोकाच्या कांडीत थोरियम असतं. तो किरणोत्सारी आहे, ग्राइंडरवर तिची धूळ करू नका. टंगस्टन थंड असताना वाकवायला गेलात तर उभा चिरतो. पक्कडीनं तोडू नका, दगडावर घासून कापा.

तारेला निरोधक नळी लागते. फौंड्रीच्या भट्टीत थर्मोकपल घालतात त्याच्या अॅल्युमिनाच्या बारीक नळ्या आपल्याकडे मिळतात, त्या उत्तम. आता मुद्द्याची जागा. जाळीचा आणि प्रोबचा धातू आयनांच्या माऱ्यानं झिजून उडतो आणि हळूहळू नळीवर बसतो. काही तासांत नळीचं टोक काळपट, चमकदार दिसू लागतं. तो धातूचा थर आहे. तार नळीला चिकटून असेल, तर थर तारेला जोडला जातो आणि तुमचा ५ मिलिमीटरचा प्रोब गुपचूप ७ मिलिमीटरचा होतो. घनता दीडपट दिसू लागते, आणि तुम्हाला वाटतं इंजिन सुधारलं. यावर उपाय म्हणजे टोकाशी नळीचं भोक तारेपेक्षा ऐसपैस ठेवायचं. तार मधोमध मोकळी, आणि आतल्या बाजूला दुसरी बारीक नळी तिला धरून ठेवते. थर बाहेरच्या नळीवर बसला तरी तारेला शिवत नाही.

आता व्होल्टेज उणे ३० पासून अधिक ३० पर्यंत हळूहळू न्या आणि करंट नोंदवा. प्रत्येक पायरीवर २० मिलिसेकंद, किंवा त्याच्या पटीत सरासरी घ्या. मेन्सची एक लहर तेवढ्याच वेळाची असते, त्यामुळं तिची गुणगुण आपोआप कटते. १० किलोओमच्या रोधावर करंट मोजत असाल, तर त्यावर पडणारं व्होल्टेज दिलेल्या व्होल्टेजमधून वजा करा. ६० मायक्रोअँपिअरला ते ०.६ व्होल्ट होतं, आणि आपण दोन व्होल्टच्या गोष्टी मोजतोय.

आलेख तीन तुकड्यांत येतो. डावीकडे खोल उणे बाजूला फक्त आयन, आमच्या उदाहरणात सुमारे ४ मायक्रोअँपिअर, जवळजवळ सपाट. मध्ये चढ. उजवीकडे वळण घेऊन मंद वाढ. आयनांचा तुकडा सरळ रेघेनं पुढं वाढवून सगळ्या वाचनांतून काढून टाका. उरतात इलेक्ट्रॉन. त्यांच्या करंटचा नैसर्गिक लॉग घ्या. मधला चढ सरळ रेघ होतो.

आमची वाचनं अशी होती: ६ व्होल्टला ८.१ मायक्रोअँपिअर, ८ व्होल्टला २२. करंट २.७२ पट व्हायला जेवढे व्होल्ट लागतात, तेवढे इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे इलेक्ट्रॉनांचं तापमान. इथं २ व्होल्ट लागले, म्हणजे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजेच सुमारे २३,००० केल्विन. मुलांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथं मिळतं, आणि ते कागदावर पट्टी ठेवून मिळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वळण कुठं आहे? आलेखाचा चढ जिथं सर्वांत तीव्र असतो ती जागा शोधा. आमची १० व्होल्टला आली, करंट ६० मायक्रोअँपिअर. ते प्लाझ्माचं स्वतःचं विभव, म्हणजे भिंतीच्या तुलनेत त्याचं व्होल्टेज. या जागी इलेक्ट्रॉन ना ओढले जातात ना ढकलले जातात, आपल्या मर्जीनं येऊन आपटतात. म्हणून करंट म्हणजे घनता, इलेक्ट्रॉनचा प्रभार, तारेचं क्षेत्रफळ आणि सरासरी वेगाचा पाव हिस्सा यांचा गुणाकार. क्षेत्रफळ ४ चौरस मिलिमीटर, सरासरी वेग सेकंदाला साडेनऊशे किलोमीटर. उत्तर येतं एका घन सेंटिमीटरमध्ये ४० कोटी इलेक्ट्रॉन.

आता पडताळा. झोतात जेवढे इलेक्ट्रॉन तेवढेच आयन, नाहीतर झोत टिकलाच नसता. ४० कोटी आयन सेकंदाला ४९ किलोमीटरनं पळाले तर करंटची घनता किती? चौरस सेंटिमीटरला ०.३१ मिलिअँपिअर. फॅरेडेनं हेच सांगितलं होतं. एकानं इलेक्ट्रॉन मोजले, दुसऱ्यानं आयन, आणि हिशोब जुळला. तुमचा पहिल्या वेळेला इतका जुळणार नाही. दीडपटीच्या आत आलात तरी समाधान माना, लँगम्युर प्रोबच्या घनतेत तेवढी चूक नेहमीची आहे. तिपटीचा फरक असेल तर मात्र पुढं जाऊ नका. आधी तारेची लांबी, मग न्यूट्रलायझर, मग अर्थ तपासा.

दोन सापळे सांगून ठेवतो. आलेखाच्या उजव्या बाजूचा करंट सपाट होईल अशी वाट बघू नका. तारेभोवती प्लाझ्मा जे आवरण तयार करतो, त्याची जाडी डीबाय लांबीवर ठरते. इलेक्ट्रॉन-व्होल्टमधलं तापमान भागिले घन सेंटिमीटरमधली घनता, त्याचं वर्गमूळ, गुणिले ७४३. उत्तर सेंटिमीटरमध्ये. आमच्या आकड्यांना अर्धा मिलिमीटर. तार त्याहून बारीक आहे, म्हणून व्होल्टेज वाढवलं की आवरण फुगतं आणि करंट वाढतच राहतो.

दुसरा सापळा पाठ्यपुस्तकातला. करंट शून्य होतो ते व्होल्टेज आणि प्लाझ्मा विभव यांत आर्गॉनसाठी तापमानाच्या सुमारे पाचपट अंतर असतं, असं शिकवलेलं असतं. ते थांबलेल्या प्लाझ्मासाठी. झोतात आयन स्वतःच तुफान वेगानं तारेवर येतात, त्यामुळं अंतर बरंच कमी भरतं. आमच्या आलेखात करंट ४.५ व्होल्टला शून्य झाला, म्हणजे अंतर साडेपाच व्होल्ट, तापमानाच्या पावणेतीन पटच. इथं ते सूत्र लावून तापमान काढणारा माणूस निम्म्यावर उतरतो.

आयनांची ऊर्जा

यासाठी जाळ्यांचा डबा लागतो, रिटार्डिंग पोटेन्शियल अॅनालायझर या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सगळे आरपीए म्हणतात. तोंडाशी पहिली जाळी, ती आतल्या व्होल्टेजपासून प्लाझ्माला दूर ठेवते. दुसरी उणे ३० व्होल्ट, इलेक्ट्रॉन अडवायला. तिसरी आयनांसमोरची भिंत, तिचं व्होल्टेज शून्यापासून ६०० पर्यंत चढवत न्यायचं. चौथी पुन्हा उणे, मागच्या चकतीतून उडणाऱ्या इलेक्ट्रॉनांना परत पाठवायला. शेवटी चकती. जाळीची भोकं डीबाय लांबीपेक्षा बारीक हवीत, आपल्याला ०.२ मिलिमीटर पुरेल. चारही जाळ्यांची भोकं एका रेषेत आणणं हे चिकाटीचं काम आहे. हुपरीच्या चांदीच्या कारागिराची नजर ज्याच्याकडे आहे, त्याच्या हाती हा डबा द्या.

भिंत उंच होत जाते तसे कमकुवत आयन मागं फिरतात आणि करंट पायरीसारखा उतरतो. जिथं उतार सर्वांत तीव्र, तिथं आयनांची मुख्य ऊर्जा. समजा ती ५०३ व्होल्टला आली. पण ही उंची जमिनीपासून मोजलेली आहे. झोत स्वतः १० व्होल्टच्या ओट्यावर उभा आहे, म्हणून झोतातली आयनांची ऊर्जा ४९३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हे वजा करायला बहुतेक नवी मुलं विसरतात.

आणि इथं तिसरा साक्षीदार भेटतो. उताराच्या आलेखात १० व्होल्टच्या जरा वर दुसरा एक छोटा उंचवटा दिसेल. तेच आपले आळशी आयन. ते झोतातच, थांबलेल्या अणूंतून जन्मले, म्हणून त्यांच्याकडे फक्त त्या ओट्यावरून खाली पडण्याची ऊर्जा आहे. लँगम्युरनं सांगितलेलं विभव आणि हा उंचवटा शेजारीशेजारी आले, की समजा दोन्ही उपकरणं खरं बोलताहेत.

या डब्याला एक गोष्ट कळत नाही. दोन प्रभार असलेला आयन दुप्पट ऊर्जेनं येतो, पण भिंतही त्याला दुप्पट अडवते, त्यामुळं एकेरी आणि दुहेरी आयन एकाच जागी दिसतात. ते वेगळे करायला वेगाची चाळणी लागते: काटकोनात चुंबकीय आणि विद्युतक्षेत्र, आणि दोघांच्या भागाकाराइतका वेग असलेला आयनच सरळ पार होतो. ०.१ टेस्लाच्या चुंबकात १ सेंटिमीटर अंतरावरच्या पट्ट्यांना ४९ व्होल्ट दिले की एकेरी आर्गॉन येतो, ६९ ला दुहेरी. हे पहिल्या वर्षी करायची घाई नको. आधीचे तिघं एकमेकांशी जुळू द्या.

काम संपल्यावर

सोर्स बंद, वायू बंद, फिलामेंट बंद. डिफ्युजन पंपाचा हीटर बंद करून थंड करणारं पाणी अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, रोटरी पंप शेवटी बंद. चेंबर थंड झाल्यावर प्रोब काढाल तेव्हा तारेचं टोक भिंगाखाली धरा. ते गोलसर झालेलं असेल, कधी एका बाजूनं निमुळतं. मायक्रोमीटरनं लांबी आणि व्यास पुन्हा मोजा. सुरुवातीला ५ मिलिमीटर असलेली तार आठवड्यानं ४.८ भरते, आणि क्षेत्रफळ त्याच प्रमाणात बदलतं. वहीत त्या दिवसाच्या आलेखांशेजारी दोन्ही मापं लिहा, सकाळचं आणि संध्याकाळचं, आणि खाली दाब.